त्याच्या आधी काय झालं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४च्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला माझा नातू ठाण्याहून रत्नागिरीला आला होता. वय वर्षं नऊ. आल्या आल्या त्याने जाहीर केलं, समुद्रावर नंतर जाऊ, आधी सिंहाचा सिनेमा. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. कार्टूनच्या वाटेला फारसा गेलो नव्हतो. पण नातवापुढे कुणाचं काय चालतं? 'मुफासा : द लायन किंग' आम्ही दोघांनी हिंदीतून पाहिला.

परत येताना रिक्षात स्वारी गप्प. घरी पडवीत चपला काढता काढता एकदम म्हणाला, "आजोबा, मुफासा म्हणाला, मी पुन्हा कधी तुझं नाव घेणार नाही. पण टाकाला ती जखम भावाला वाचवतानाच झाली ना?" मला चटकन उत्तर सुचलं नाही. आतून त्याच्या आजीने विचारलं, "टाका? जखमेला घालतात तो?" आम्ही दोघं हसलो आणि प्रश्न तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी या चित्रपटाची परीक्षणं शोधून वाचली. देशी वाचली, परदेशी वाचली. त्यांतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला होता : ही गोष्ट सांगण्याची गरज होती का? नातवाचा प्रश्न निराळा होता आणि समीक्षकांचा निराळा. या दोन प्रश्नांमधलं अंतर मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९४ साली डिस्ने कंपनीचा 'द लायन किंग' आला. मुफासा हा सिंहांचा राजा, सिंबा त्याचा छावा. राजाचा भाऊ स्कार कपटाने राजाला मारतो, छाव्याला पळवून लावतो. छावा मोठा होऊन राज्य परत मिळवतो. स्कार म्हणजे व्रण. त्याच्या डोळ्यावर जुन्या जखमेची खूण आहे. हा चित्रपट हाताने काढलेल्या चित्रांचा होता. २०१९ साली तीच गोष्ट संगणकावर, अगदी खऱ्याखुऱ्या सिंहांसारखे दिसणारे सिंह बनवून पुन्हा सांगितली गेली. आणि २०२४ साली आला तो या सगळ्याच्या आधीचा भाग, म्हणजे ज्याला इंग्रजीत 'प्रीक्वेल' म्हणतात आणि आपण पूर्वकथा म्हणू.

या पूर्वकथेत मुफासा राजपुत्र नाही. पुरात आईवडिलांपासून वाहून गेलेला तो एक पोरका छावा आहे. परक्या मुलखात त्याला मगरींच्या तोंडून वाचवतात टाका नावाचा राजपुत्र आणि त्याची आई. टाकाच्या बापाला हा उपरा नको असतो. दोघा छाव्यांची शर्यत लावली जाते. मुफासा हरला तर त्याची धडगत नाही. टाका मुद्दाम मागे राहतो आणि त्याला जिंकू देतो. त्याला भाऊ हवा असतो. पुढे बाप टाकाला शिकवतो की कपट हे थोर राजाचं हत्यार असतं. मुफासाला मात्र सिंहिणींबरोबर राहायला पाठवतात आणि तो तिथे शिकार शिकतो, वास आणि वारा ओळखायला शिकतो. सिंहिणीवर हल्ला होतो तेव्हा टाका पळतो, मुफासा लढतो. त्यानंतर मत्सर, दगा, शत्रूला दाखवलेली वाट हे सगळं येतं. पण अगदी शेवटच्या क्षणी टाका मध्ये पडून मुफासाला वाचवतो आणि तेव्हा त्याच्या डोळ्यावर तो घाव बसतो. हाच टाका पुढचा स्कार.

म्हणजे बघा, १९९४च्या गोष्टीत सगळा भर खऱ्या वारसावर होता. तीस वर्षांनी तीच कंपनी सांगते की राजरक्त स्कारचं होतं आणि मुफासा दारात आलेला पोरका होता. मूळ इमारतीचा पायाच उलटा केला म्हणायचा!

आता समीक्षक काय म्हणाले? परीक्षणांची मोजदाद करणारं 'रॉटन टोमॅटोज' नावाचं एक संकेतस्थळ आहे. तिथे शंभरातल्या साधारण ५७ समीक्षकांनी या चित्रपटाला बरं म्हटलं. १९९४च्या चित्रपटाला हेच प्रमाण नव्वदच्या पुढे आहे आणि २०१९च्या चित्रपटाला पन्नासच्या जरासं वर. उलट अमेरिकेत चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून जी श्रेणी देतात, तिथे 'मुफासा'ला 'ए मायनस' मिळाली. धंद्याचंही तसंच. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे साडेतीन कोटी डॉलर मिळाले आणि त्याच आठवड्यात आलेल्या 'सॉनिक'च्या तिसऱ्या भागाने त्याला मागे टाकलं. वर्तमानपत्रांनी चित्रपट पडल्याचं जवळजवळ जाहीर केलं. पण माणसं येत राहिली आणि जगभरचा आकडा अखेर ७० कोटी डॉलरच्या पुढे गेला. आपल्याकडे शाहरुख खान यांनी मुफासाला आवाज दिला आणि त्यांच्या दोन मुलग्यांनी सिंबाला आणि छोट्या मुफासाला. तेलुगूत महेश बाबू होते. हिंदीत रफिकी या माकडबुवांचा आवाज आपल्या मकरंद देशपांडे यांचा आणि टिमॉनचा श्रेयस तळपदे यांचा. भारतातही कमाईने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. मराठीत मात्र तो आला नाही. आमच्या घरी त्याचं मराठी भाषांतर जेवणाच्या ताटावर नातवाने केलं.

समीक्षकांच्या तक्रारी मुख्यतः तीन होत्या. तिन्ही वरवरच्या नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

पहिली तक्रार गरजेची. दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स हे 'मूनलाइट'चे दिग्दर्शक. २०१७च्या सोहळ्यात त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं. अशा माणसाने आपली उमेदीची वर्षं कंपनीच्या जुन्या तिजोरीची किल्ली फिरवण्यात का घालवावी, असं अनेकांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. पण पूर्वकथा सांगणं हे काही हॉलिवूडने काढलेलं नवं दुकान नव्हे. रामायणात हनुमंताचं बालपण कुठे येतं, आठवून पाहा. ते बालकांडात नाही. किष्किंधाकांडात सगळी वानरसेना समुद्रकाठी हताश बसलेली असताना जांबवान हनुमंताला त्याची जन्मकथा सांगतो. लहानपणी तू सूर्याला फळ समजून झेपावला होतास, याची आठवण देतो. आणि मग उत्तरकांडात, युद्ध संपल्यावर, अगस्ती ऋषी तीच कथा रामाला विस्ताराने सांगतात. पूर्वकथा आपल्याकडे मागाहूनच येते. पण ती कुणीतरी काहीतरी विसरलं असेल तेव्हा येते. जांबवानाच्या गोष्टीनंतर हनुमंत उडी मारतो. गोष्टीने काम केलं!

२००५ साली व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' हा कार्टूनपट आला तेव्हा हेच झालं. हॉलिवूडच्या मानाने चित्रं साधी होती, पण पोरांनी चित्रपटगृहं भरली, कारण तो धीट, खोडकर बालहनुमान त्यांना पुढच्या हनुमंताची ओळख करून देत होता. या कसोटीवर 'मुफासा' थोडा उणा पडतो. त्यात रफिकी ही गोष्ट सिंबाच्या मुलीला, किआराला, सांगतो. निमित्त काय, तर बाहेर वादळ आहे आणि पोरगी घाबरली आहे. तेवढंच. गोष्ट ऐकून तिच्या हातून काय घडलं, ते फारसं दिसत नाही. इथे मी समीक्षकांच्या बाजूने मत देईन.

दुसरी तक्रार चेहऱ्यांची. सिंह इतके खरे केले की त्यांच्या तोंडावर ना हसू उमटत ना रडू. गाणी म्हणताना तर ते कसेसेच दिसतात, असं समीक्षक म्हणाले. ही तक्रार मात्र पुष्कळ जुनी आहे. १९४२ साली डिस्नेचा 'बांबी' आला. त्यासाठी हरणांची पाडसं स्टुडिओत आणून चित्रकारांनी त्यांच्या पायांचा, मानेचा अभ्यास केला होता. तेव्हाही काही समीक्षकांनी नाक मुरडलं. इतकं हुबेहूब काढायचं तर मग कार्टूनमधली कल्पनेची मजा उरली कुठे, असा त्यांचा सूर होता. पहिल्या वेळी तो चित्रपट तोट्यात गेला. आज त्याला अभिजात म्हणतात.

या 'बांबी'वर काम केलेला एक चित्रकार पुढे मुंबईत आला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यांचं नाव क्लेअर वीक्स. आईवडील अमेरिकन मिशनरी, पण जन्म भारतातला. १९५६ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा विभाग उभा राहत होता. तिथल्या तरुणांना शिकवायला वीक्स अमेरिकेच्या तांत्रिक मदत योजनेतून आले. त्या तरुणांत राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हटलं गेलं. मुंबईला कार्टून अगदीच नवं नव्हतं. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' करून काड्या नाचवल्या होत्या. पण शिस्तीचं शिक्षण असं ते हेच. त्यातून १९५७ साली तयार झाला 'द बनियन डीअर', म्हणजे वडाच्या नावाचं हरीण. ही जातककथा आहे. आणि जातक म्हणजे काय? बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी. म्हणजेच पूर्वकथा! आपल्या देशातल्या पहिल्यावहिल्या नावाजलेल्या कार्टूनपटांपैकी एक ही प्राण्यांची पूर्वकथाच होती.

ती गोष्ट अशी. वाराणसीच्या राजाच्या रानात हरणांचे दोन कळप, दोन राजे : न्यग्रोध आणि शाख. न्यग्रोध म्हणजे वड. राजाला रोज एक हरीण लागतं, म्हणून कळपांनी पाळी ठरवलेली. एक दिवस शाखाच्या कळपातल्या गाभण हरणीची पाळी येते. ती म्हणते, पिल्लू होईपर्यंत थांबा. शाख म्हणतो, तुझी पाळी तुझीच. ती न्यग्रोधाकडे जाते आणि न्यग्रोध स्वतः तिच्या जागी जाऊन मान ठेवतो. ते पाहून राजाचं मन पालटतं आणि तो हरणांनाच नव्हे, सगळ्या प्राण्यांना अभय देतो.

पण जातककथा इथे संपत नाही. तिच्या शेवटी एक जोड असते. पालीत तिला समोधान म्हणतात. गोष्ट सांगून झाल्यावर बुद्ध सांगतात, त्या वेळचा अमुक तो आजचा अमुक. इथे ते सांगतात, शाख म्हणजे आजचा देवदत्त आणि न्यग्रोध म्हणजे मी. देवदत्त हा बुद्धांचा चुलतभाऊ आणि जन्माचा वैरी. दोन भाऊ, दोन कळप, दोन प्रकारचं राजेपण. अडीच हजार मैलांवरच्या आफ्रिकेतल्या सिंहांची गोष्ट मला इतकी ओळखीची का वाटली, ते वाचता वाचता कळलं.

ही जोड म्हणजे पूर्वकथेचा प्राण. अजिंठ्याला गेलात तर दहाव्या आणि सतराव्या लेण्यात षड्दंत हत्तीची जातककथा रंगवलेली आहे. तिथेही मागच्या जन्मीचा राग या जन्मी हत्तीच्या सुळ्यांपर्यंत येऊन पोहोचतो. भिंतीवरच्या त्या हत्तीच्या तोंडावर तरी कुठे माणसाचं हसू-रडू आहे? पण त्याचं दुःख पाहणाऱ्याला लागतं. तेव्हा चेहरा हलत नाही ही अडचण खरी असली, तरी सगळा दोष तिच्यावर टाकता येणार नाही. जाता जाता एक सांगतो. 'मुफासा'तल्या सिंहांचा केस न् केस ज्या एमपीसी कंपनीने संगणकावर उभा केला, तिची मालक असलेली टेक्निकलर ही संस्था फेब्रुवारी २०२५मध्ये कोसळली. बंगळुरू आणि मुंबईतल्या तिच्या स्टुडिओंतल्या माणसांच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. मी वाचलेल्या एकाही परीक्षणात त्या कारागिरांचा उल्लेख नव्हता.

तिसरी तक्रार : शेवट आधीच ठाऊक आहे, मग उत्कंठा कसली? ही तक्रार कोकणातल्या माणसाला पटवणं अवघड आहे. आमच्याकडे नमन-खेळ्यात संकासुर येतो. काळा झगा, उंच टोपी, बाहेर लोंबणारी लाल जीभ. तो असुर आहे आणि त्याचं शेवटी काय होणार, हे मांडीवरच्या पोरालाही माहीत असतं. तरी त्याची वाट बघत गाव जागतं. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. शेवट माहीत असणं ही आपल्या प्रेक्षकाची अडचण कधीच नव्हती. त्याला हवं असतं, ते शेवटाकडे जाताना काहीतरी नवं दिसणं.

आणि नवं दिसलेलं नेहमी सुखाचंच असतं असंही नाही. हे मला माझ्याच गावाने शिकवलं. रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५मध्ये मंडालेहून उचललं आणि एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१०मध्ये तो या राजवाड्यात राहायला आला आणि डिसेंबर १९१६मध्ये इथेच वारला. तीस वर्षं समुद्राकडे डोळे लावून बसलेला राजा! वाडा पाहायला येणारा प्रत्येक जण हळहळतो. मीही मुलांना घेऊन तिथे जायचो आणि मुलं हळहळायची. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, त्याच्या आधी तो काय करत होता?" मग मला सांगावं लागलं. १८७८ साली विशीच्या आत-बाहेरचा हा तरुण गादीवर आला आणि लगेच १८७९च्या फेब्रुवारीत राजघराण्यातल्या कितीतरी भाऊबंदांना, बायकापोरांसकट, ठार मारण्यात आलं. त्यात त्याचा स्वतःचा हात किती आणि सासूचा, मंत्र्यांचा किती, यावर इतिहासकार वाद घालतात. पण झालं ते त्याच्या राज्यात, त्याची गादी टिकावी म्हणून.

वर्ग शांत झाला. कुणी हळहळलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. पुढच्या वेळी तीच मुलं राजवाड्याच्या गच्चीवर उभी राहिली तेव्हा त्यांना एक दुःखी राजा दिसला, शिवाय त्याच्या मागे उभी असलेली, नाव ठाऊक नसलेली माणसंही दिसली. शेवट तोच होता, फक्त पाहणारी मुलं बदलली होती. पूर्वकथेची हीच ताकद आणि हीच जोखीम. ती वैऱ्याला माणूस करते आणि ज्याची आपण कीव करतो त्यालाही जाब विचारते.

या मापाने मोजलं तर 'मुफासा' अर्ध्या वाटेवर थांबतो. टाकाने शर्यत हरून पोरक्याला जागा दिली, बापाने त्याला कपट शिकवलं, इथवर गोष्ट धीटपणे जाते. पण मग त्याच्या दग्याचं कारण एका सिंहिणीवरच्या मत्सरात शोधते आणि मोकळी होते. मूळ कारण होतं राजा घडवण्याच्या रीतीत. एका छाव्याला सिंहासनासाठी वाढवलं, दुसऱ्याला जगण्यासाठी. हे सूत्र शेवटपर्यंत धरलं असतं तर सत्तावन्नाचा आकडा कदाचित वाढला असता. पण जी अर्धी वाट चित्रपट चालला, तिची दखलही पुष्कळ परीक्षणांनी घेतली नाही, हेही तितकंच खरं. गरज होती का, असं विचारून ती थांबली. ज्या स्कारला तीस वर्षं आपण निव्वळ खलनायक म्हणून ओळखत होतो, त्याचा व्रण भावासाठी झेललेल्या घावाचा निघाला, याचं पुढे काय करायचं, हे फारसं कुणी विचारलं नाही. ते विचारायला नऊ वर्षांचं पोर लागलं.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री नातवाने हट्ट करून १९९४चा 'लायन किंग' घरी लावला. तो त्याने आधी कितीतरी वेळा पाहिलेला. स्कार कड्यावरून मुफासाला ढकलतो, त्या जागी तो दर वेळी ओरडायचा, "दुष्ट! दुष्ट!" या वेळी ओरडला नाही. पाय पोटाशी घेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, मुफासाने त्याला टाका म्हणून हाक मारली असती, तर त्याने ढकललं असतं का?"

मी इतिहासाचा मास्तर. असं झालं असतं तर, या प्रश्नाला आमच्या विषयात गुण नसतात. मी गप्प बसलो. त्याची आजी मात्र शेंगा सोलता सोलता सहज म्हणाली, "टाका वेळेवर घातला असता बाळा, तर व्रण एवढा दिसला नसता."